क्लेश गाजर

गाजरांना झाक काही येईना. पहिल्या खेपेला पाणी जास्त झालं आणि चकत्या आजाऱ्याच्या पथ्याच्या भाजीसारख्या गळून पडल्या. दुसऱ्या खेपेला पाणी बेताचं घातलं, पण घरातलं लोणी संपलेलं म्हणून तूप सोडलं, तर ताटलीत काढून जरा कुठे पाठ फिरवली तेवढ्यात तूप थिजलं आणि केशरी चकत्यांवर भिंतीला लोणा लागावा तसे पांढुरके डाग उठले. मी ताटली ओट्यावर आपटली. एक चकती उडून मोरीत जाऊन पडली. कंपनीच्या कँटीनमध्ये मोठं पातेलं भरून गाजरं करते मी, साहेबलोक मागून घेतात, आणि घरात दोन माणसांपुरती होत नाहीत म्हणजे काय? मूठभर साखर घातली असती तर आत्ता कशी चमकली असती. पण साखर घालायची नाही, तेच तर सगळं आहे. साखर न घालता गोड, तेल न सोडता तुकतुकीत, न भांडता संसार. असली पाककृती काढणाऱ्या माणसाला एकदा माझ्या ओट्यासमोर आणून उभं केलं पाहिजे.

खरं म्हणजे माझा हात सकाळपासूनच ठिकाणावर नाही. सकाळी कंपनीची बस पकडायला निघाले तर वाटेत केरूभावजींच्या गणपतीच्या कारखान्याचं दार उघडं होतं. दारातच फळीवर वीतभर उंचीच्या मूर्ती मांडल्या होत्या, परदेशच्या ऑर्डरच्या. ही ऑर्डर फाल्गुनात बोटीने जाते, म्हणून शेतांतून वालाच्या शेंगांच्या पोपट्या लागायच्या थंडीच्या दिवसांतच इकडे कारखान्यात गणपतीची घाई उडालेली असते. रंग होऊन, डोळ्यांची आखणी होऊन मूर्ती तयार होत्या, म्हणजे आदल्या दिवशी ह्यांच्या हातून उतरलेल्या. आमचे हे आखणीवाले. मूर्ती घडवणारे, रंगवणारे पेणमध्ये घरोघर आहेत, पण डोळे काढायला माणूस वेगळा लागतो, आणि केरूभावजींच्या कारखान्यात आमच्या लग्नाच्या आधीपासून तो माणूस म्हणजे हेच, पुंडलिक. ह्यांनी आखलेला गणपती तुमच्याकडे बघतो. डावीकडे सरका, उजवीकडे सरका, बघतोच. मी रोज त्या दारावरून जाते आणि रोज ते सगळे माझ्याकडे बघतात. मला त्याची इतकी सवय झाली आहे की तिथे आल्यावर हात आपोआप पदराकडे जातो. आज एक बघत नव्हता. अगदी कडेचा. त्याचा एक डोळा माझ्यावर होता आणि दुसरा पलीकडे पापडवालीच्या दुकानावर. चकणा गणपती. आधी हसू आलं, खरंच आलं, आणि मग मी परत वळून बघितलं. मागून कुणीतरी "बस चालली गो मालू" म्हणून ओरडलं तशी पळत सुटले. नागोठणं मागे पडलं तरी तो डोळा माझ्यासमोरून हलला नाही.

डोळ्यातली खोट ह्यांना खपत नाही. मला बघायला गागोद्याला आले होते तेव्हा मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले, तर हा माणूस माझ्याकडे फळीवरच्या मूर्तीकडे बघावं तसा बघत होता, मान कलती करून, एक डोळा बारीक करून. निघताना अंगणात आपल्या आत्याला म्हणाला, "डावा डोळा वाईच बारीक हाय. पण चालंल." मी कुडाआड उभी होते, सगळं ऐकलं. लग्न झालं, लेक झाली, ती पनवेलला नांदायलाही गेली, तरी आजतागायत वेणी घालताना माझं लक्ष आधी डाव्या डोळ्याकडे जातं. खोटं बोलत नाही हीच ह्या माणसाची मोठी खोड. जेवायला बसला की जिभेच्या आधी डोळ्यांनी जेवतो. "बिरड्याचा रंग मेलाय." "आमटी नुसती अस्तर मारल्यासारखी दिसतीय, रंगाचा दुसरा हात राह्यला काय?" वालाचं बिरडं रंगावरून बाजूला सारलेलं आजवर कुणी ऐकलंय का? मी शेजारच्या बायजाला हे सांगते तेव्हा ती पदराने तोंड झाकून हसते. म्हणते, "बरं हाय की गो, बघतो तरी. आमचा ताटात काय पडलंय त्याच्याकडं पण बघत नाय." असेल बरं. मला मात्र एकदा, एकदाच, माझ्या हातच्या ताटाकडे बघून ह्यांनी 'झकास' म्हटलेलं ऐकायचं होतं. कारखान्यात रंगाऱ्यांना म्हणतात की. गेल्या श्रावणात त्या रघूला म्हणाले, सोंडेवरचा गुलाबी झकास उतरलाय म्हणून, आणि घरी येऊन मला ते कौतुकाने सांगितलंही. मी पोळी लाटत होते. म्हटलं, वा.

कढई घासून परत चुलीवर ठेवली. गाजरं संपत आली होती, टोपलीत चार उरली, ती सोलायला घेतली. कँटीनमध्ये हे असं एकेक सोलत बसत नाही कुणी. तिकडे रोह्याजवळ धाटावला आमच्या कंपनीत दिवाळीच्या आधी कामगारांची रक्तं तपासली, किती जणांच्या रक्तात साखर निघाली, आणि मग मुंबईहून आहार सांगणाऱ्या एक मॅडम आल्या. त्यांनी शिरा बंद केला, बुधवारची जिलबी बंद केली आणि त्यांच्या जागी ग्लेझ्ड कॅरट आणलं. गाजराच्या तिरप्या चकत्या कापायच्या, जेमतेम भिजतील एवढं पाणी, मीठ, लोण्याचा गोळा, नखाएवढा गूळ, किसलेलं आलं. झाकण ठेवून अर्धवट शिजवायच्या, मग झाकण काढून आच मोठी करायची आणि पाणी आटत आलं की कढई सारखी हलवत राहायची. शेवटचं पाणी आणि लोणी एकजीव होऊन गाजराला धरतं, तीच झाक. वरून लिंबू. सांगायला एवढंसं आहे. फळ्यावर रोजचा बेत लिहायचं काम शिवाकडे. मॅडमच्या तोंडून त्याने जे ऐकलं ते ठळक अक्षरात लिहिलं, 'क्लेश गाजर'. दुपारच्या शिफ्टची माणसं फळ्यासमोर उभी राहून खिदळायला लागली. "काय मालूवैनी, घरी कमी पडतात काय क्लेश, कंपनीत पण वाढताय?" मॅडमना कुणी काही बोललं नाही, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "क्लेश आपल्यात रोजचंच हाय गो. गाजरच तेवढं नव्हतं." मीही हसले होते. तेव्हा हसण्यासारखं होतं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी ह्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला. वर म्हणाले, कपच सरकला. कप काय चालतो? मी सुट्टी टाकली आणि ह्यांना ओढत रोह्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत थेंब घालून बसवून ठेवलं, मग भिंग लावून कितीतरी वेळ आत बघितलं. म्हणाले, साखरेने डोळ्यांच्या मागच्या शिरा खराब झाल्यात, रक्त झिरपतंय. पनवेलला जाऊन लेझर करून घ्या, दिवस घालवू नका. गेलेली नजर आणून देता येत नाही, आहे ती राखता येते. आणि गोड बंद म्हणजे बंद. एवढं सगळं ऐकून ह्यांनी एकच विचारलं, "आखणी करता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "आत्ता करताय ना? दिसतंय ना नीट?" "दिसतंय की," हे म्हणाले. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. खोटं न बोलणारा माणूस म्हणतोय दिसतंय, म्हणजे दिसत असणार, मी मान डोलावली. बाहेर रोह्याच्या स्टँडवर आल्यावर म्हणाले, "ऑर्डर जाऊ दे, मग जाऊ पनवेलला." तेव्हापासून तीच टेप. सकाळी म्हटलं तरी ऑर्डर जाऊ दे, जेवताना म्हटलं तरी ऑर्डर जाऊ दे. परदेशात त्या मूर्ती ज्या कुणाच्या देव्हाऱ्यात बसणार असतील त्यांना काय ठाऊक, इकडे त्यांच्यापायी एका बाईने किती डोकं फोडून घेतलं ते.

आणि गूळ. कारखान्यातल्या चहात गूळ, जेवण झालं की डब्यातून गुळाचा खडा, वर "साखर कुठं खातोय मी?" डबा लपवला तर दुसऱ्या दिवशी खिशात पुडी. भांडून भांडून माझा घसा बसला तेव्हा कुठे एक दिवस हे नमले. म्हणाले, "तुझं ते क्लेश गाजर कर. जेवणावर तेच खाईन, गूळ सोडला. पण झाक पायजे हां. मेल्या रंगाचं मी खात नाय." मी म्हटलं, बघू या, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. मनातून मात्र मी त्या शब्दाला घट्ट धरलं. कारण दुसरं माझ्या हातात काहीच नव्हतं. ह्यांच्या हाताला धरून मी ह्यांना पनवेलच्या बसमध्ये बसवू शकत नाही, केरूभावजींना ऑर्डर नको म्हणून सांगू शकत नाही, पण गूळ सुटला तर निदान आहे ती नजर फाल्गुनापर्यंत टिकेल, एवढा हिशेब मला कळत होता. मग मी रोज संध्याकाळी बसमधून उतरून बाजारात जायचं, गाजरं आणायची, चिरायची, हलवायची, आणि ह्यांनी ताटलीकडे मान कलती करून बघायचं आणि म्हणायचं, "नाय आली गो." आणि उठून डबा. कधी वाटायचं, ह्यांना गूळ सोडायचाच नाही, झाकेचं नुसतं निमित्त. कधी वाटायचं, मलाच जमत नाही. दोन्ही वाटलं की राग यायचा, पहिल्याने ह्यांचा आणि दुसऱ्याने माझा, आणि ते दोन्ही राग मिळून मी कढईवर काढायची.

रविवारी आली होती. पैज लावून सांगते, आली होती. लोणी ताजं होतं, कँटीनमधली जाड बुडाची कढई मी मागून आणली होती, गाजरंही कोवळी मिळाली. पाणी आटता आटता कढईतला आवाज बदलला, खदखद थांबून चुरचुर सुरू झाली, आणि बघता बघता चकत्यांनी रंग धरला. ताटलीत काढल्या तर खिडकीची चौकट त्यांत दिसत होती. मला इतका आनंद झाला की मी ताटली घेऊन ह्यांच्यासमोर जवळजवळ नाचतच गेले. म्हटलं, "बघा आता. खिडकीची चौकट दिसतीय त्यात. आली का नाय झाक?" ह्यांनी मान कलती केली. एक डोळा बारीक केला. ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत ताटलीकडे, आणि सावकाश म्हणाले, "नाय आली." माझं टाळकं सटकलं. "डोळे फुटले काय तुमचे?" मी ओरडले. आता हे काय मी ह्यांना पहिल्यांदा म्हटलं? पायपुसण्याला अडखळले की म्हणते, मीठ सांडलं की म्हणते, ह्या घरात हे वाक्य भिंतींनाही पाठ असेल. हे उलट म्हणतात, "तुझा डावा बघ आधी," आणि भांडण तिथेच मिटतं. रविवारी हे नुसते उठले, आणि बाहेरच्या खोलीत जाताना चौकटीवर खांदा आपटला. गूळही घेतला नाही. मी तेव्हा समजले, रुसले. रुसा म्हटलं. इतकी लखलखीत गाजरं मी एकटीने उभ्याउभ्या खाल्ली, आणि चवीला ती खरंच चांगली होती. दोन दिवस मी ह्यांच्याशी धड बोलले नाही. आणि आज सकाळी तो डोळा दिसला.

दिवसभर कँटीनमध्ये माझं कशात लक्ष नव्हतं. मी स्वतःलाच समजावत होते. सकाळचं ऊन तिरपं असतं, मूर्ती वाकडी ठेवलेली असेल, मी घाईत होते. संध्याकाळी पेणला उतरल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून कारखान्याच्या दारात गेले. तीच फळी, त्याच मूर्ती. कडेच्या गणपतीसमोर जाऊन उभी राहिले. तो माझ्याकडे बघत होता. दोन्ही डोळ्यांनी, सरळ. मी डावीकडे सरकले, बघत होता. उजवीकडे सरकले, बघत होता. आतून हे कुणाला तरी रंगाची वाटी मागत होते, आवाज नेहमीचाच, खणखणीत. मला हायसं वाटायला हवं होतं, नाही का? मला चीड आली. म्हणजे मीच वेडी. गाजराला झाक येते ती मलाच दिसते, गणपती चकणा होतो तो मलाच दिसतो, ह्यांचं सगळं ठीक आहे, डोळे तपासायचे ते माझेच. तसल्याच डोक्याने घरी आले, लोणी आणायचं विसरले, दोन खेपा बिघडवल्या, आणि तिसऱ्या खेपेचं हे असं सुरू केलं. पाणी घातलं, मीठ घातलं, भांड्याला चिकटलेलं लोणी बोटाने निपटून टाकलं. झाकण ठेवलं.

पण तो सकाळचा डोळा खोटा नव्हता. मी किती वर्षं ह्या माणसाचे डोळे बघत आलेय. लग्नानंतर पहिल्या गणपतीत ह्यांना ताप होता म्हणून मी शेजारी बसून रंगाची वाटी धरायची, तेव्हा ह्यांनी मला शिकवलं होतं, डोळा कुठे चुकतो ते. बुबुळ एवढंसं जरी बाहेरच्या बाजूला गेलं तरी मूर्ती दूर कुठे तरी बघते, आत गेलं तर रागावल्यासारखी दिसते. मला काढता येत नाही, पण चुकलेलं कळतं. मग संध्याकाळी तो सरळ कसा झाला? की हे स्वतःच दुपारी परत बसून सुधारतात? मग तसं मला सांगत का नाहीत? मला काहीच का सांगत नाहीत? आणि सांगणार तरी कसे, मी विचारते कुठे, मी तर ओरडते. हल्ली हे जेवताना बिरड्याच्या रंगावरून बोलत नाहीत, हे मला तेव्हा, त्या ओट्यासमोर उभ्याउभ्या, पहिल्यांदा लक्षात आलं. किती दिवस झाले, आमटी कशी दिसते म्हणून टोमणा नाही. मी मनात म्हणत होते, वयाने मऊ झाले. मला बरं वाटत होतं! इतकं बरं की मी बायजालाही सांगितलं होतं. झाकेचं तेवढं बोलतात, कारण ते बोलायचं ठरलेलंच आहे. मी भिंतीला टेकून उभी राहिले. करपल्याचा वास नाकात शिरला तेव्हा तो आपल्याच ओट्यावरचा आहे हे मला कळलंच नाही.

गाजरं कढईला धरली होती. कडा काळ्या पडलेल्या, मधला भाग आक्रसलेला, एकीवरही पाण्याचा थेंब नाही की लोण्याचा अंश नाही. खरवडून ताटलीत काढत होते तेवढ्यात दार वाजलं आणि हे आले. चप्पल काढली, भिंतीला हात लावत लावत आपल्या ठरलेल्या जागी येऊन बसले. भिंतीला हात लावतात हेही मी आजच बघितलं. "झालं का क्लेश?" हे म्हणाले. दोन दिवसांनी आपणहून बोलले होते, थट्टेने, भांडण मिटवायला. मी ताटली घेऊन समोर गेले. मी काय बोलणार होते ते मला ठाऊक नव्हतं. करपली म्हणून सांगणार होते बहुतेक. तोंडातून निघालं ते भलतंच.

"आज आलीय बघा झाक," मी म्हणाले.

हे खाली वाकले. मान कलती केली, एक डोळा बारीक केला, मला बघायला आले तेव्हा केला होता तसा. ताटलीत काळ्या कडांच्या कोरड्या चकत्या होत्या. हे बघत राहिले.

"आलीय गो," म्हणाले. "झकास आलीय."

आणि एक चकती उचलून तोंडात टाकली. मी तिथेच उभी. जो शब्द ऐकायला मी जन्मभर ताटं वाढली तो मला मिळाला होता, आणि मला तो ह्यांच्या तोंडात परत कोंबावासा वाटत होता. मला रडू आलं नाही. संताप आला, ह्यांचा, माझा, त्या मॅडमचा, त्या परदेशच्या ऑर्डरचा. हे शांतपणे चावत होते.

"ह्याच्यात झाक नाय," मी म्हणाले. "करपलीत. कोळसा झालाय नुसता."

ह्यांचं चावणं थांबलं नाही. घास गिळला, मग म्हणाले, "म्हायत हाय. वास गल्लीतच आला व्हता."

"मग आलीय कशाला म्हणालात?"

"तू म्हणालीस म्हणून."

"मी काय पण म्हणंन!"

"रविवारी पण तू म्हणालीस," हे म्हणाले. "तवा मला वाटलं, तू खोटंच सांगून मला बघतीस. दिसतं का नाय ते. म्हणून मी नाय म्हटलं. मग तू चिडलीस, आणि मला कळलं, खरंच आली व्हती." थोडा वेळ हे ताटलीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "आज म्हटलं, मालू कशाला फसवंल. वास आला करपल्याचा, पण म्हटलं, खालची करपली असतील, वरची आली असंल झाक."

मी समोर बसले. रविवारी मी खरं बोलले ते ह्यांनी परीक्षा समजून नाकारलं, आणि आज परीक्षा घेतली तर ह्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. ह्याच्यावर काय बोलायचं असतं? कुणाला ठाऊक असेल तर मला सांगावं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं. मधीच काळं येतं. कडंनं दिसतं, मधलं जातं. आणि आखायचं ते मधलंच की गो." हे हसल्यासारखं करून थांबले. "हात चालतो. हाताला सवय हाय. मला वाटलं, ऑर्डर निघंल हातावर."

"आज सकाळी एक चकणा आलेला," मी म्हणाले. बोलायला नको होतं, पण आता माझ्या तोंडाला धरबंध नव्हता. "मी बघितला. फळीवर."

ह्यांनी हात पंच्याला पुसले, एकेक बोट, रंगाची कामं झाल्यावर पुसतात तसे. मग खिशातून मोबाईल काढून माझ्या दिशेने धरला. माझ्या दिशेने म्हणजे माझ्या थोडा बाजूला.

"केरूला फोन लाव," म्हणाले. "सांग, आखणीला दुसरा माणूस बघ म्हणावं. मला आकडं दिसत नायत."

मी फोन घेतला. इतके दिवस मला हेच हवं होतं, ह्यांनी तोंडाने कबूल करावं, मग पनवेल, मग लेझर, मग पुढचं सगळं. हवं ते मिळालं, मी केरूभावजींचा नंबर लावला. फोन लागला. केरूभावजींचा आवाज आला, मागे कारखान्यात रेडिओ चालू होता. मी म्हणाले, "भावजी, मी मालू. ह्यांना आता... ह्यांच्याकडं उद्यापासनं आखणीला मूर्ती देऊ नका. दिसत नाय ह्यांना."

तिकडे रेडिओ बंद झाला. केरूभावजींनी मोठा श्वास सोडला.

"वैनी, तुम्ही बोललात ते लई बरं झालं," ते म्हणाले. "आमच्या जिभेवर येत व्हतं पण बाहेर पडत नव्हतं. दिवाळीपासनं रघू परत आखतोय सगळं. पुंडलिक घरी गेला की बसतो, पुसतो आणि परत काढतो. एखादी राह्यली तर दुसऱ्या दिवशी उरकतो, पुंडलिकची पाठ असली की. कुणी अवाक्षर काढलं नाय. त्याला कळू देऊ नका हां वैनी. जीव जाईल त्याचा."

मी फोन कानाशी इतका दाबला की कान दुखला. हे माझ्याकडे तोंड करून बसले होते, मान कलती.

"काय म्हणतो?" ह्यांनी विचारलं.

केरूभावजी "ठेवतो वैनी" म्हणाले आणि फोन बंद झाला. मी तो कानाजवळून काढला नाही.

"म्हणतात, घात झाला," मी म्हणाले. "अर्धी ऑर्डर बाकी हाय, आता असा हात कुठनं आणू म्हणतात. रघूला बसवायला लागंल, पण त्याच्यात जीव नाय, म्हणतात."

ह्यांनी मान हलवली. चेहरा जरा सैल झाला.

"रघू वाईट नाय," म्हणाले. "घाई करतो तेवढीच. त्याला सांग म्हणावं, बुबुळ आधी काढायचं नाय. आधी वरची पापणी, मग खालची, आणि मग थांबायचं. रंग वाळू द्यायचा. उजवा डोळा आधी. डावा मग त्याच्याकडं बघत बघत काढायचा. सांगतीस ना?"

"सांगते," मी म्हणाले, आणि बंद फोनमध्ये बोलायला लागले. "भावजी, हे म्हणतात, रघूला सांगा, बुबुळ आधी काढायचं नाय. आधी वरची पापणी..." हे लक्ष देऊन ऐकत होते, कुठे चुकले तर सुधारायला, आणि मी एकेक शब्द ह्यांनी सांगितला तसाच, सावकाश, सांगत राहिले.